नेपाळची तरुण मुलं आपल्याला कुठं भेटली? (अनुभव धागा)

सप्टेंबर २०२५ मधलं काठमांडू आपण सगळ्यांनी फोनवर पाहिलं. पुढाऱ्यांच्या मुलांच्या परदेशी सहली आणि महागड्या वस्तूंचे फोटो तिथल्या तरुणांमध्ये आधीपासूनच फिरत होते. ४ तारखेला सरकारनं फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅपसकट २६ समाजमाध्यमं बंद केली. ८ तारखेला मुलं रस्त्यावर आली, काही तर गणवेशात, पाठीला दप्तर. त्या एका दिवसात १९ जीव गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली पायउतार झाले, संसद आणि सिंहदरबार, म्हणजे तिथलं मंत्रालय, पेटले. मृतांची संख्या पुढं सत्तरच्या वर गेली. १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी हंगामी सरकारची सूत्रं घेतली. निवडणूक ५ मार्च २०२६ ला ठरली.

आपल्याकडं यावर जे बोललं गेलं ते बहुतेक 'यामागं कोण आहे' एवढ्यावरच फिरत राहिलं. मला त्या मुलांबद्दल ऐकायचं आहे. २०२१ च्या जनगणनेत नेपाळची लोकसंख्या २ कोटी ९१ लाख भरली आणि त्याखेरीज सुमारे २२ लाख माणसं परदेशात असल्याची नोंद झाली. अशा देशात फोनवरचं बोलणं बंद केलं की पहिली कासावीस होते ती आई. आमच्या ठाण्याच्या इमारतीत रात्रपाळीला असणारा तरुण त्या चार दिवसांत जिन्यात बसून सारखा फोन लावत होता. घरी साधा कॉल लागत नव्हता आणि एरवी तो आईशी बोलायचा ते व्हॉट्सअ‍ॅपवरच.

तुमच्यापैकी अनेकांचा नेपाळशी या ना त्या कारणानं संबंध आला असेल: बागेत, शाळेत, फौजेत, आखातात, हिमालयात. स्वतः पाहिलेलं लिहा. राजकारणावर वाद नकोत. आणि माणसांची नावं, गावाचा नेमका पत्ता देऊ नका, त्यांच्यासाठीच.

देवगड, आंबा बागायतदार

धागा काढलात ते बरं केलंत. आमच्या हापूसच्या कलमांची राखण गेली वीसेक वर्षं नेपाळी माणसंच करतात. देवगड-रत्नागिरीत बहुतेक मोठ्या बागांमध्ये हेच दिसेल. दिवाळी आटपली की जोडपी येतात, मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, राहतात. मोहराच्या वेळी फवारणीचे पाइप ओढणं, रात्री बॅटरी घेऊन फिरणं, दिवसा वानर हाकणं, मग घळीनं, म्हणजे जाळीच्या काठीनं, आंबे काढणं, पेट्या भरणं. मिरगाच्या तोंडावर निघतात, कारण तिकडं असार महिन्यात भाताची लावणी असते. असारच्या पंधरा तारखेला चिखलात उतरून दही-चिवडा खायचा असतो, तो दिवस सहसा कोणी चुकवत नाही.

मागच्या हंगामात एक नवा मुलगा आला. वय एकोणीस. त्याचे वडील पूर्वी आमच्याकडंच होते, आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मुलगा. बारावी झालेला, विज्ञान घेऊन. आमच्या मुलीला रसायनशास्त्रातलं एक समीकरण त्यानं मांगराच्या पायरीवर बसून समजावलं. मी त्याला विचारलं, गावी शेती किती? म्हणाला, डोंगरउतारावर मका आणि कोदो (नाचणी) पिकेल एवढी आहे, पण माकडं काही ठेवत नाहीत. पूर्वी घरटी दोन-तीन तरुण असायचे, आळीपाळीनं राखण व्हायची. आता गावात म्हातारी माणसं आणि पोरं. माकडं हाकायला कोणी नाही म्हणून शेत पडीक टाकलं, आणि शेत पडीक पडलं म्हणून हा मुलगा हजारो किलोमीटरवर येऊन माझ्या बागेतले वानर हाकतो आहे.

हे ऐकल्यावर मला रात्री झोप लागली नाही, कारण ही गोष्ट आमच्या घरचीच आहे. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. आजीनं सगळा संसार मनीऑर्डरवर केला. काका, मामा, सगळे मुंबईला. आमच्या वाडीतली निम्मी घरं आज कुलुपात आहेत, गणपतीत उघडतात. आमची पोरं गेली म्हणून इथं गडी मिळेनात, ती जागा भरायला नेपाळची पोरं आली, आणि त्यांच्या गावची जागा भरायला कोणीच नाही. मी या मुलांना कामावर ठेवणारा माणूस आहे, त्यामुळं मला यातून फायदाच आहे, हे मला कळतं. तरी सांगतो, तो मुलगा माझ्या बागेत असायला नको होता. तो कॉलेजात असायला हवा होता.

रत्नागिरी तालुका, जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका

वर देवगडच्या दादांनी ज्या मांगराचा उल्लेख केला, तशाच मांगरांतली मुलं आमच्याकडं येतात. शिवाय बंदरातल्या नौकांवरच्या खलाशांची. माझ्या शाळेचा पट विशीच्या आत आहे आणि त्यातली जवळपास निम्मी मुलं नेपाळी आहेत. खरं सांगायचं तर या मुलांनी आमची शाळा उघडी ठेवली आहे.

पहिलीत येताना मराठीचा एक शब्द येत नसतो. लिपी तीच असल्यानं अक्षरं पटकन धरतात आणि दिवाळीपर्यंत आमच्या मुलांशी अस्सल गावच्या बोलीत भांडू लागतात. कविता पाठ म्हणायला सगळ्यांत पुढं. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो, त्यामुळं दाखल करून घेण्यात अडचण येत नाही. अडचण पुढं येते. मेच्या शेवटी नौका किनाऱ्याला लागतात, मासेमारी बंद होते, कुटुंबं गावी जातात. ऑगस्टमध्ये त्यातली सगळी परतत नाहीत. काहींना आजी-आजोबांकडं ठेवतात. तिथल्या शाळेत इंग्रजी आणि नेपाळी, यांचं सगळं मराठीत झालेलं, मग दोन वर्गांखाली बसवतात. पुढच्या वर्षी पुन्हा इकडं. असं दोन-तीनदा झालं की मूल शाळेला कंटाळतं, आणि त्यात त्याचा काहीच दोष नसतो.

एक मुलगी होती. गणितात इतकी तल्लख की पाचवीत असताना सातवीची उदाहरणं सोडवायची. सातवी झाली, गावी गेली, परत आली नाही. तिची आई पुढं एकटीच नवऱ्याबरोबर हंगामाला आली. विचारलं तर म्हणाली, लग्न झालं, आपणहून पळून गेली. सोळा वर्षांची. नेपाळात लग्नाचं कायदेशीर वय मुलगा-मुलगी दोघांनाही २० आहे, मुलींसाठी आपल्यापेक्षा जास्त. पण घरात आई-बाप नाहीत, आजी थकलेली, पोरीला विचारणारं कोणी नाही. आई मला सांगताना रडत होती आणि तोंडानं मात्र 'ठीक आहे मॅडम, ठीक आहे' म्हणत होती.

पुणे, डॉक्टर

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर मी एका वैद्यकीय पथकाबरोबर सिंधुपाल्चोक जिल्ह्यात होतो. त्या भूकंपात सुमारे ९,००० माणसं गेली, त्यातली सर्वाधिक या एका जिल्ह्यात. जखमांबद्दल लिहीत नाही. मला हादरवून गेलं ते वेगळं होतं. वरच्या वस्त्यांमध्ये ढिगारा उपसायला तरुण माणसं नव्हती. बायका, म्हातारे आणि दहा-बारा वर्षांची मुलं दगड उचलत होती. प्रत्येक घरातला मुलगा मलेशियात, कतारमध्ये नाहीतर सौदीत. फोनला रेंज आली की एका फोनभोवती चार-पाच घरं जमायची आणि पलीकडून एकच प्रश्न: कोण कोण आहे?

घर बांधायला सरकारनं पुढं ३ लाख नेपाळी रुपये हप्त्यांनी दिले. शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी, म्हणजे आपले पावणेदोन लाखांच्या वर थोडे. डोंगरावर सिमेंट आणि सळई नेता नेता ते संपतात. मग घर पुरं करायला मुलानं आणखी कर्ज घ्यायचं आणि ते फेडायला आणखी वर्षं बाहेर राहायचं. नंतर एकदा त्या भागात गेलो तेव्हा घरं पक्की झाली होती. राहायला तीच दोन म्हातारी माणसं.

निवृत्त लष्करी अधिकारी, सातारा

माझी सारी सेवा गोरखा रायफल्समध्ये झाली. नेपाळी शिकल्याशिवाय तिथं अधिकाऱ्याचा निभाव लागत नाही, आणि जवानांनी मला ती प्रेमानं शिकवली. भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांच्यातल्या १९४७ च्या त्रिपक्षीय करारानुसार नेपाळचे तरुण भारतीय सैन्यात येत राहिले. निवृत्त झाल्यावर गावी परतायचे. पोखरा आणि धरानला आपल्या सैन्याची निवृत्तिवेतन कार्यालयं आहेत. वेतनाच्या दिवशी तिथं छातीवर पदकं लावून आलेल्या म्हाताऱ्यांची गर्दी मी पाहिली आहे. त्या पैशावर गावात शाळेची फी भरली जायची, नळ यायचा, आणि माणूसही गावात असायचा. हे शेवटचं महत्त्वाचं.

२०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चौघांतला एकच कायम. चार वर्षांनी पंचविशीच्या आत परत येणाऱ्या, शस्त्र चालवायला शिकलेल्या मुलांचं करायचं काय, हा नेपाळ सरकारचा प्रश्न मला रास्त वाटतो. दहा वर्षांच्या माओवादी युद्धातून ते निघालेले आहेत. त्यांनी भरती थांबवली, ती आजपर्यंत सुरू झालेली नाही. कोविडची वर्षं धरली तर एका संपूर्ण वयोगटाला हे दार उघडलंच नाही.

माझ्या पलटणीतल्या एका सुभेदार साहेबांचा नातू सोळाव्या वर्षापासून पहाटे डोंगर चढून पळत होता. भरतीचं वय उलटून गेलं. त्याच्या बरोबरचे काही ब्रिटिश सैन्याच्या निवडीला बसले, पण तिथं हजारोंमधून काहीशे घेतात. त्याच्या गावचा एक मुलगा दलालाच्या नादानं रशियाला गेला आणि तिथून युद्धावर. नेपाळ सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये रशिया आणि युक्रेनसाठी कामाचे परवाने देणं बंद केलं. तोवर पुष्कळ मुलं गेलेली होती. त्या मुलाचा मृतदेहसुद्धा आलेला नाही. सुभेदार साहेबांनी मला फोनवर विचारलं, 'साहेब, आमच्या पोरांना लढायचंच होतं तर आपल्या पलटणीत का नाही?' मला उत्तर देता आलं नाही. माझ्या मते हा विषय दोन्ही सरकारांनी पुन्हा टेबलावर घ्यावा. मी माझ्या परीनं लिहीत असतो.

दोहा, स्थापत्य अभियंता

मी मूळचा सांगलीचा, बरीच वर्षं इथं. साइटवर माझ्या हाताखालची निम्मी माणसं नेपाळची. आर्मीतल्या काकांनी लिहिलं तसंच, इथंही येतात ती विशी-बाविशीतली.

पैशाचं गणित सांगतो, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. २०१५ पासून नेपाळ सरकारचा नियम आहे की कामगाराचा व्हिसा आणि तिकीट मालकानं द्यायचं, दलालानं १० हजार नेपाळी रुपयांहून जास्त घ्यायचे नाहीत. माझ्याकडं आलेल्या मुलांपैकी तेवढ्यात आलेला एकही मला भेटलेला नाही. दीड लाख, पावणेदोन लाख. ते गावच्या सावकाराकडून महिना शेकडा तीननं, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. पहिलं वर्ष-सव्वा वर्ष फक्त कर्ज फिटतं. त्यामुळं इथं आल्यावर काम वेगळं निघालं, पगार कमी निघाला, तरी परत जाता येत नाही.

उन्हाळ्यात १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन, उघड्यावर काम बंद ठेवायचा नियम आहे आणि आता तो बऱ्यापैकी पाळला जातो. पण सकाळी सहालाही इथं काय उकडतं ते येऊन बघावं. पाणी कमी पितात, कारण लघवीला जायला पाचव्या मजल्यावरून उतरावं लागतं. मी ओरडून ओरडून पाणी प्यायला लावतो. गावी परतलेल्यांपैकी कितीतरी जण तिशीच्या आत डायलिसिसवर आहेत. नेपाळ सरकार डायलिसिस मोफत करतं, ही चांगली गोष्ट. पण आठवड्यातून दोन-तीनदा ते करायला शहरात राहावं लागतं, आणि ज्या घरासाठी परदेशी गेला ते घर डोंगरात.

आमच्या वसतिगृहातला एक मुलगा, वय चोवीस, रात्री जेवून झोपला आणि सकाळी उठला नाही. कागदावर 'नैसर्गिक मृत्यू'. चोवीस वर्षांच्या धडधाकट मुलाचा. त्याच्या खोलीतल्या मुलांनी आणि आम्ही वर्गणी काढली. त्याची बहीण तिकडं नर्सिंग शिकत होती, फी हाच भरत होता. तिचं शेवटचं वर्ष आम्ही सगळ्यांनी मिळून पुरं केलं. आता ती परिचारिका आहे आणि जपानी शिकते आहे. तीही जाणार.

नाशिक, संगणक क्षेत्र

थोडक्यात लिहिते. आमच्या प्रकल्पाची एक तुकडी काठमांडूत आहे, त्यामुळं तिकडं जाणं होतं. बागबजार, पुतलीसडक या भागात चाललात तर इमारतीच्या इमारती परदेशी पाठवणाऱ्या सल्ला केंद्रांच्या पाट्यांनी झाकलेल्या दिसतात. ऑस्ट्रेलिया, जपान, कॅनडा, कोरियाची भाषा परीक्षा. एका शैक्षणिक वर्षात लाखाहून जास्त विद्यार्थ्यांनी परदेशी शिकायला जाण्याचं सरकारी संमतिपत्र घेतलं आहे. २ कोटी ९१ लाखांच्या देशात! माझ्या तुकडीतली मुलं हुशार आहेत, आमच्या तोडीची, काही आमच्याहून सरस. पण प्रत्येकाच्या टेबलाच्या खणात कुठल्यातरी देशाचा अर्ज आहे. तुकडीतली एकच जण ठामपणे राहायचं म्हणते. ८ सप्टेंबरला तीही मोर्च्यात होती. दोन दिवस तिचा पत्ता नव्हता आणि आम्ही इकडं जिवाला घोर लावून बसलो होतो. सुखरूप आहे. अजूनही राहायचंच म्हणते, आणि मला तिचा फार आदर वाटतो.

मुंबई, सामाजिक कार्यकर्ती

शिक्षिका ताईंनी मुलींचं लिहिलं म्हणून. १९९६ साली मुंबईतल्या वेश्यावस्तीत मोठे छापे पडले आणि शेकडो मुली सोडवल्या गेल्या, त्यात पुष्कळ नेपाळच्या होत्या. तेव्हा त्यांना परत घ्यायला त्यांचं सरकार पुढं येत नव्हतं. तिथल्या संस्थांनी हात दिला. सुटून गेलेल्या मुलींपैकी काहींनी मिळून काठमांडूत 'शक्ती समूह' ही संस्था उभी केली. पीडितांनी स्वतः चालवलेली संस्था, २०१३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मी त्यांच्यातल्या काहींशी बोलले आहे. आयुष्यात इतकं सरळ नजरेनं बोलणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

आज वाटा बदलल्या आहेत. आखातात घरकामाला जायला नेपाळनं २०१७ पासून बंदी घातली. हेतू चांगला होता. पण गरज संपली नाही, त्यामुळं मुली खुल्या सीमेनं भारतात येतात आणि दिल्ली-मुंबईच्या विमानतळावरून कागदपत्रांशिवाय पुढं पाठवल्या जातात. म्हणजे संरक्षण तर गेलंच, नोंदही गेली. माझं मत सांगते: तरुण मुलीला थांबवणाऱ्या बंदीपेक्षा, ती कुठं गेली हे लिहून ठेवणारी व्यवस्था जास्त कामाची.

पुणे, पदव्युत्तर विद्यार्थिनी

मी या धाग्यात ज्यांच्याबद्दल लिहिलं जातंय त्यांच्यातली आहे. मराठी माध्यमात शिकले, त्यामुळं मला जे सांगायचं ते मराठीतच नीट सांगता येतं.

आमचं गाव सुदूरपश्चिमेतल्या, म्हणजे नेपाळच्या पश्चिम टोकाच्या प्रांतातल्या, अछाम जिल्ह्यात. डोटी, बझाङ, अछाम इथल्या लोकांना काठमांडूपेक्षा मुंबई-पुणं जवळचं, कारण सीमा ओलांडायला पासपोर्ट लागत नाही, कर्ज काढावं लागत नाही. जे आखातात जाऊ शकत नाहीत ते भारतात येतात. श्रम परवाना लागत नसल्यामुळं परदेशी कामाला गेलेल्यांच्या सरकारी आकड्यांत आम्ही धड मोजलेही जात नाही.

फेब्रुवारी २००२ मध्ये माओवाद्यांनी मंगलसेनवर, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणावर, हल्ला केला. शंभराहून अधिक सैनिक आणि पोलीस एका रात्रीत मारले गेले. त्यानंतर माओवादी घरटी एक माणूस मागायचे आणि सैन्य प्रत्येक तरुणाकडं संशयानं बघायचं. बाबा तेव्हा वीस वर्षांचे. गावातल्या चौघांबरोबर रात्री निघाले, सीमेवरचं बनबासा ओलांडलं, दिल्ली, मग झेलम एक्सप्रेसनं पुणं. तेव्हापासून रखवालदारी. त्या युद्धात सगळी मिळून सतरा हजारांच्या आसपास माणसं गेली. २००६ मध्ये ते थांबलं, २००८ मध्ये राजेशाही गेली. बाबांना वाटलं आता परत जाऊ. त्यानंतर सरकारं इतक्या वेळा बदलली की बाबांनी नावं लक्षात ठेवणं सोडून दिलं.

आम्ही सोसायटीच्या जिन्याखालच्या खोलीत वाढलो. आई चार घरी स्वयंपाक करते. शाळेत मला कोणी वेगळं वागवलं नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी माझ्याकडून दहावीचं संस्कृत करून घेतलं. फरक पडायला लागला तो कॉलेजच्या अर्जापासून. अधिवास, दाखले, सवलत. प्रत्येक खिडकीवर मी कोण आहे हे नव्यानं सांगावं लागलं.

गावी दसैंला (दसऱ्याला) जायचो, दरवर्षी नाही, पैसे जमले तर. चौदाव्या वर्षी गेले तेव्हा पाळी आली आणि आजीनं मला छाउगोठात झोपायला सांगितलं. घरापासून लांब, गुरांच्या गोठ्यासारखी बुटकी झोपडी. या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये बंदी घातली होती. २०१७ मध्ये कायदा झाला, तीन महिने कैद किंवा तीन हजार दंड. आजीला यातलं काही माहीत नव्हतं, तिला देव कोपेल एवढंच माहीत होतं. आई आयुष्यात पहिल्यांदा सासूसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ती घरात झोपेल. रात्रभर भांडण झालं. मी घरात झोपले. माझ्या वयाच्या ज्या मुलींची आई तिथं नव्हती, पुण्या-मुंबईत भांडी घासत होती, त्या झोपडीतच झोपल्या. मुलांना शिकवायला पैसे हवेत म्हणून आई-बाप बाहेर जातात, आणि मागं राहिलेल्या मुलांना जुन्या गोष्टींपासून वाचवायला घरात कोणीच उरत नाही.

परतताना सीमेवर मुलींची तस्करी रोखायला उभ्या असलेल्या काही बायका मला बाजूला घेऊन विचारतात: बरोबरचा माणूस कोण, कुठं चाललीस, वडिलांचा फोन नंबर सांग. लहानपणी मला राग यायचा. आता मी स्वतःहून थांबते आणि त्यांना नमस्कार करते.

७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलमध्ये दहा नेपाळी विद्यार्थी मारले गेले. शेतीचं शिक्षण घ्यायला आणि त्याबरोबर कमवायला गेलेले, आमच्या सुदूरपश्चिमच्या विद्यापीठातले. त्या दिवशी माझा भाऊ खूप चिडला होता. त्याचं म्हणणं, आमच्या शेतकऱ्यांची शिकलेली मुलं दुसऱ्यांच्या शेतात मरतात. त्यानंतर २०२५ चा ८ सप्टेंबर आला. आम्ही दोघं फोनवर ते बघत होतो. भावाचा एक मित्र त्या गर्दीत होता, वय एकोणीस. बाबा आमच्या मागं उभे होते. ते म्हणाले, 'मी वीस वर्षांचा असताना बंदुकीपासून पळालो, ही पोरं तर अभ्यासाचं दप्तर घेऊन तिकडं गेलीत.' भाऊ म्हणाला, 'तुम्ही पळालात म्हणून त्यांना जावं लागलं.' घरात आठ दिवस नीट बोलणं नव्हतं. मला दोघांचंही पटतं. बाबा पळाले नसते तर मी हे लिहायला नसते. पण भाऊ जे म्हणतो ते आमच्या पिढीतले सगळेच म्हणतात: प्रत्येक शहाणा माणूस निघून गेला, आणि देश निघून न जाता आलेल्यांच्या आणि निघून जायची गरज नसलेल्यांच्या ताब्यात राहिला.

देवगड, आंबा बागायतदार

बाळा, तुझं लिहिणं दोनदा वाचलं, घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. माझ्याकडच्या मुलाला विचारलं, मार्चला मत द्यायला जाणार का? तो म्हणतो, आंब्याचा हंगाम ऐन भरात, कसा जाऊ. मी त्याला म्हटलं पगार कापणार नाही, जाऊन ये. तुझा भाऊ जाणार आहे का? आणि तिकडं पोस्टानं वगैरे मत देता येत नाही का?

पुणे, पदव्युत्तर विद्यार्थिनी

नाही काका, बाहेर असलेल्यांना तशी सोय नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परदेशातल्या नागरिकांना मतदान करता यावं असा आदेश दिला होता, पण २०२२ च्या निवडणुकीत ते झालं नाही. जो पैसा पाठवतो, देशाचं एक चतुर्थांश उत्पन्न ज्याच्या घामावर चालतं, त्याला मत द्यायला गावी जावं लागतं.

भाऊ जाणार आहे. गेल्या वर्षीच त्याला नागरिकता, म्हणजे नेपाळी नागरिकत्वाचा दाखला, मिळाली, हे त्याचं पहिलं मत. तो एसी दुरुस्तीचं काम करतो, मार्चपासून त्यांचा धंदा सुरू होतो, त्यामुळं मालक कुरकुरला, पण शेवटी हो म्हणाला. दिल्लीपर्यंत झेलम, पुढं बस, आणि सीमेपासून गावापर्यंत डोंगरातला सबंध दिवस. मतदारयादीत नाव नीट आलं आहे की नाही ते बघायला गावच्या काकांना सांगितलं आहे. तुमच्याकडचा मुलगा कुठल्या जिल्ह्यातला आहे ते त्याला विचारून कळवाल का? सुदूरपश्चिमचा असेल तर दोघं दिल्लीहून एकत्र जातील, बसचं तिकीट भाऊ काढून ठेवेल.